खुर्चीचा उजवा हात

ऐंशी साल उजाडेस्तोवर माझ्या कंबरेनं पार दगा दिला होता. रंधा हातात घ्यायच्या आधीच जीव थकून जायचा. नालवाडीत माझं सुतारकामाचं छोटं दुकान. जुन्या इंग्रजी घाटाच्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायची, कोणी सांगितलं तर तशीच नवी घडवायची. लोकांना तेव्हा लोखंडी पाइपाच्या खुर्च्यांचं वेड लागलं होतं. माझ्याकडे यायचं ते सगळं मोडकंतोडकं.

एकदा हिंगणीची एक म्हातारी बाई एस.टी.च्या टपावर आरामखुर्ची टाकून घेऊन आली. तिचा नवरा किराणा दुकानदार, वर्षापूर्वी वारलेला. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून त्यानं ती आणली होती आणि जन्मभर संध्याकाळी तिच्यातच बसला. आता मागचा पाय मोडला होता, वेताची जाळी फाटली होती.

"होती तशी करून देजो, भाऊ," बाई म्हणाली. "मले अजून काई नाई पाह्यजे."

होती तशी. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, पहिल्या कारागिरानं हातावेगळी केली तशी. मी तीन आठवडे खपलो. सागाचा नवा पाय बसवला, वेत विणता विणता बोटं सोलून निघाली. खुर्चीच्या उजव्या हातावर, पंजा टेकतो तिथं, लाकूड झिजून काळपट खळगा पडला होता. मला ती खोडच वाटली. रंधा मारून मारून सपाट केला, डावा हातही तेवढाच उतरवला, वर चपड्याचं पॉलिश. तोंड दिसत होतं बाप्पा त्यात! स्वतःवरच खूश झालो.

बाई आली. उजव्या हातावरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला.

"भाऊ, त्याइचा हात कुठं गेला?"

मला आधी समजलंच नाही.

"ते बोलता बोलता इथं पंजा घासत राहेत. ते गेले तवापासून मी तिथंच हात ठेवून बसत होती."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. "आठ दिवस द्या, बाई," मी म्हणून गेलो. नागपूरच्या हौशी लोकांना नवी टेबलं जुनी भासतील अशी मी करून देत होतोच. म्हटलं, हेही जमेल. कायचं जमते!

तरी केलं. पटाशीनं हळूहळू कोरलं, काचकागदानं घासलं, तेल चोळलं, दर वेळी माझाच तळवा टेकवून खोली बघितली. आठव्या दिवशी डोळ्यांना तरी काही फरक दिसत नव्हता.

बाईनं डोळे मिटून खळग्यात हात ठेवला. मी कंबर धरून समोर उभा.

"मेहनत लय केली तू," शेवटी ती म्हणाली. "पन हा तुहा हात हाय, भाऊ."

खुर्ची तिनं नेली. टपावर मीच चढवून दिली. त्यानंतर कोणी 'होती तशी' म्हटलं की मी हत्यार खाली ठेवतो आणि आधी विचारतो, कधी होती तशी?