धुतलेली स्लीपिंग बॅग
परवा लेकीने मैत्रिणीची स्लीपिंग बॅग घरी आणली आणि हॉलभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. अगदी माझ्या जुन्या बॅगेला होता तोच वास. पंधरा वर्षांपूर्वी मी कल्याणच्या जुन्या बाजारातून मिलिटरीतली वापरलेली, पिसं भरलेली स्लीपिंग बॅग स्वस्तात उचलली होती. शनिवारी मित्रांबरोबर माळशेजला तंबूत राहायचं होतं, म्हणून सोमवारीच डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत तिच्यात झोपून बघितलं. चेन दोनदा अडकली, मी घामाने निथळलो, पण थंडीत ही कामाला येणार एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बॅग बाथरूममध्ये, कढत पाण्याच्या टबात बुडवलेली. "कोणाचं अंथरूण कोण जाणे, न धुता घरात घेतलंसच कसं?" आई म्हणाली. चार दिवस दोरीवर टाकूनही ती आतून ओलीच राहिली. पिसांचे लाडवाएवढे गोळे झालेले आणि वास भिजलेल्या कोंबडीचा. माझं डोकंच फिरलं. "अगं, हात लावण्याआधी विचारायचं तरी ना!" मी ओरडलो. तिने शांतपणे स्वतःची सोलापुरी चादर पुढे केली. "ही ने. हिच्यात कोण झोपतं ते मला माहितीये." रागाच्या भरात मी ती चादर खुर्चीवरच टाकून गेलो आणि माळशेजला दात वाजेपर्यंत कुडकुडलो. तो राग मी इतकी वर्षं जपलाय. आणि परवा लेक मैत्रिणीच्या त्या बॅगेत पाय घालणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "थांब! आधी धुवायला टाक ती."