तात्यांची सायकल गिरणीच्या गेटपाशी अडली तेव्हा

मंडळी, इथले अनुभव मी बरेच दिवस चहाबरोबर वाचतोय, लिहायला मात्र आज बसलो. उशीर झाला कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, नवस, उतारे हे सगळं वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. लहानपणी चाळीतल्या पोरांनी मला मागच्या जिन्यातल्या हडळीची गोष्ट सांगून रडवलं, तर वडील मला हाताला धरून त्याच जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, दाखव कुठाय. अर्थातच नव्हती.

तेव्हा आधीच सांगतो, यात भूत नाही. भुताला निदान कुणीतरी मेलेलं लागतं, आणि या गोष्टीतली सगळी माणसं त्या वेळी ठणठणीत जिवंत होती. तीच तर पंचाईत आहे.

आम्ही काळाचौकीला राहायचो. गिरण्यांच्या संपाला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे वडील अजून 'संपावर'च होते. रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. कुठे जायचं नसायचं. आई शिवणकाम करायची, धाकटी बहीण शाळेत आणि मी वीस-एकवीस वर्षांचा, बारावी पास, दिवसभर नाक्यावर. घरात माझ्या नोकरीबद्दल कुणी बोलत नसे आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

त्या वर्षी आमच्या गणपती मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. मंडळाचे सेक्रेटरी बाळाभाऊ यांनी कुणाच्या तरी टीव्हीवर ट्रायथलॉन पाहिली होती — आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. झालं, भाऊंच्या डोक्यात भरलं. मोठी झेपणार नाही म्हणून छोट्या अंतराची ठरली. दादरच्या तलावात पोहायचं, तिथून सायकलने परळमार्गे लालबाग, मग काळाचौकीच्या गल्ल्यांतून दोन फेऱ्या, मैदानात सायकल टाकायची आणि मैदानाभोवतीच्या रस्त्यांवरून धावायचं. लोकांनी भाऊंना वेड्यात काढलं. पण भाऊंनी गोदीतल्या एका कंपनीच्या स्पोर्ट्सच्या साहेबांना पाहुणे म्हणून गाठलं आणि त्यांच्याकडून शब्द घेतला, की पहिले तीन येतील त्यांना खेळाडू म्हणून कामावर घेऊ. मग कोण हसतंय? अख्ख्या गिरणगावातली रिकामी पोरं नाव द्यायला धावली. त्यात मी.

पोहायला मी आमच्या गावी, महाडजवळ, नदीत शिकलेलो. म्हशीसारखं डोकं वर काढून पोहायचो, पण बुडत नव्हतो. धावण्याला तर पैसे पडत नाहीत. अडलं सायकलपाशी.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोल्यांत एका मालवणी काकींची खानावळ होती. संपाआधी गिरणीतले एकटे राहणारे तीसेक बाप्ये तिथे जेवायचे, आणि पहिल्या पाळीला असले की काकींचे यजमान, म्हणजे तात्या, त्यांचे डबे अकराच्या सुट्टीला सायकलवरून गिरणीच्या गेटवर पोचवायचे. संप लांबला तसे एकेक करून सगळे कोकणात गेले. खानावळ बसली. तात्यांचे गुडघेही बसले. सायकल जिन्याखाली उभी होती — काळी, जाडजूड, मागे भलंमोठं लोखंडी कॅरिअर, हँडलला डबे अडकवायचे हुक. मी मागितली, तर तात्या म्हणाले, ने, पण तिच्या अंगात माझ्यापेक्षा जास्त गंज आहे. मी तेलपाणी केलं, टायर बदलले. कॅरिअर काढायला गेलो तर नट हलेनात. तसंच ठेवलं.

शर्यत रविवारी सकाळी सातची होती. आता मंडळाचा कार्यक्रम म्हटल्यावर... पाहुणे उशिरा आले. मग तलावाच्या काठावर नारळ फोडला. मग हारतुरे, मग भाऊंचं भाषण. आम्ही चड्डीवर कुडकुडत उभे. ऊन चांगलं तापल्यावर एकदाची शिट्टी वाजली. हे मुद्दाम सांगतोय, कारण वेळेवर सुरू झाली असती तर मी त्या गेटपाशी भलत्याच वेळेला पोचलो असतो आणि कदाचित काहीच झालं नसतं.

पोहण्यात मी मागून मोजायला सोपा होतो. बाहेर आलो, ओल्या अंगावर शर्ट चढवला, सायकल घेतली आणि निघालो. परळ येईपर्यंत घामाघूम. सायकल जड आहे हे माहीत होतं, पण इतकी? सरावाच्या वेळी अशी लागली नव्हती. पुलाच्या चढावर तर एखादा टवाळ कॅरिअरवर बसलाय की काय म्हणून मी मागे वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं. माटुंग्याची दोन पोरं खाली वळलेल्या हँडलच्या सायकलींवरून सूंऽऽ करून गेली. लालबागला फुटपाथवरचे लोक माझं कॅरिअर बघून "डबा आला, डबा आला" म्हणून ओरडत होते. मलाही हसू येत होतं. पण पहिल्या तिघांत यायचं होतं आणि माझ्यापुढे निदान दहा-बारा जण होते.

काळाचौकीच्या गल्लीत वळलो तेव्हा अकरा वाजत आले होते. पुढे गिरणीचं बंद गेट, साखळी आणि कुलूप घातलेलं. तिथे रस्ता सरळ जातो. मी सरळच चाललो होतो. हँडल डावीकडे गेलं. मी वळवलं नव्हतं. मी ते उजवीकडे ओढत होतो आणि सायकल मात्र शहाण्यासारखी गेटच्या बाजूला, भिंतीलगत, जाऊन उभी राहिली. पेडल जाम.

उतरलो. चेन जागेवर. ब्रेक मोकळे. मागचं चाक उचलून फिरवलं, तर हवेत छान गरगर फिरलं. खाली टेकवलं की गच्च. ढकललं, हिसडे दिले, शिव्या दिल्या. मागून दोघं-तिघं पुढे निघून गेले. आता खांद्यावर घेऊन धावावं असं मनात आलं, पण एवढं धूड उचलून किती धावणार?

गेटवर स्टुलावर एक म्हातारे वॉचमन पेपर वाचत बसले होते. साताऱ्याकडचे. त्यांनी चष्म्यावरून सायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, "डब्याची सायकल न्हवं का ही? मग घंटी मार की. न सांगता कशी हलंल?"

चेष्टा करतात असं वाटलं. पण दुसरं सुचतही नव्हतं. मी घंटी मारली. दोनदा.

आणि कुलूपबंद गेटच्या आतून आवाज यायला लागले. भलते-सलते नव्हेत हो... अगदी साधे. चपला फरफटत येणारी बरीच माणसं. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी मोठ्याने हसलं, त्याला दुसऱ्याने काहीतरी टोमणा मारला. नळ सुटल्याचा आवाज, हात धुतल्यासारखा. आणि वास — काकींच्या बांगड्याच्या तिखल्याचा. लहानपणापासून मजल्याच्या आमच्या टोकाला घेतलेला वास तो, मी चुकणार नाही. सगळं गेटच्या दिशेने येत होतं. वॉचमन उठले, स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि पेपर बगलेत धरून बाजूला उभे राहिले, गर्दीला वाट द्यावी तसे. साखळी जागची हलली नाही. कुणी बाहेर आलं नाही. मग आवाज माझ्या आजूबाजूला आले आणि हळूहळू कमी झाले.

घाबरलो का? खरं सांगू, मला भूक लागली. इतकी कडकडून, की डोळ्यांत पाणी आलं. आणि बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही, पण फार बरं वाटलं.

हँडलला नुसता हात लावला तर सायकल चालायला लागली. आणि हलकी! इतकी हलकी की पहिल्या पेडलला माझा तोल गेला. गेटपर्यंत जे काही ओझं ओढत आणलं होतं ते उतरलं होतं. त्यानंतर मी काय सायकल मारली ते मलाच ठाऊक नाही. कॅरिअर खडखडतंय, हुक वाजताहेत आणि मी एकेकाला मागे टाकतोय. माटुंग्याच्या एका पोराने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याचा चेहरा आठवून मी अजून हसतो. दुसऱ्या फेरीत गेट आलं तेव्हा मी आपणहून घंटी मारली. या खेपेला काही नाही. सायकल सरळ निघून गेली.

मैदानात सायकल टाकली आणि धावलो. शेवटच्या वळणावर मी चौथा होतो. पुढचा पोरगा पाय ओढत होता, मीही ओढत होतो. अंतिम रेषेच्या दोरीपाशी वडील दिसले. चाळीतून खाली उतरलेलं त्यांना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. धुतलेला शर्ट, हात पुढे केलेले. मी त्या हातांकडे बघून धावलो आणि त्यांच्या अंगावर जाऊन कोसळलो. तिसरा. वडिलांनी माझा ओला शर्ट मुठीत धरून ठेवला. गोदीतल्या साहेबांनी शब्द पाळला. पुढच्याच महिन्यात मी कामावर रुजू झालो.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःच तपासलंय. लालबागच्या सायकलवाल्याने मागचं चाक खोलून पाहिलं, काही दोष नाही. वॉचमनना नंतर गाठलं. ते म्हणाले, मी तुला घंटी मार म्हणालो ते गंमत म्हणून. मग स्टूल का उचललं? तर म्हणे, ऊन आलं होतं. तिथे त्या वेळेला ऊन येत नाही, हे मी दोन वेळा जाऊन पाहिलंय. कुणी मेलं होतं का? तेही नाही. खानावळीतले सगळे कोकणात आपापल्या घरी होते. त्यातले एक जण वर्षाने काही कामाला मुंबईला आले, तेव्हा काकींनी त्यांना बसवून विचारलं, की त्या रविवारी दुपारी काय जेवलास? गृहस्थ गोंधळले. म्हणाले, वयनी, आज सकाळचा आठवत नाय, तुमी वर्साचा इचारतास. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, गेटवर घंटी मी मारायचोच, दोनदा, त्यात काय एवढं?

राहिल्या काकी. शर्यतीच्या त्याच दिवशी संध्याकाळी मी सायकल परत द्यायला गेलो होतो. बक्षीस मिळाल्याचं त्यांना कळलं होतंच. गेटवर काय झालं ते मी आधी तात्यांना सांगत होतो, गंमत म्हणूनच. तात्या हसत होते. काकी आत चुलीशी होत्या, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सगळे इले?" त्यांनी विचारलं. "वास इलो म्हणतंस तो तिखल्याचोच मां?"

मी म्हटलं, दिसलं कुणीच नाही काकी, नुसते आवाज. बरीच माणसं होती. हसत होती.

काकी खाली बसल्या. खानावळ बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते गिरणगावात वाढलेल्याला समजावून द्यावं लागत नाही. गिरणीत कुणी अर्ज करून लागत नसे. आधी लागलेला माणूस जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, कानावर घालायचा, हा आपला पोरगा, ह्याला घ्या. काकींच्या पंगतीतला प्रत्येक जण असाच, त्याच पंगतीतल्या दुसऱ्या कुणीतरी लावलेला होता. माझे वडीलसुद्धा गिरणीत असेच लागले होते.

"तू त्येंका जेवण पोचवलंस," काकी म्हणाल्या. "मगे ते तुका असोच सोडतले? त्येंनी तुका कामाक लावल्यानी, मेल्या."

तात्यांनी हसून मान हलवली. मीही हसलो. ताट वाढलं होतं, जेवलो.

त्या नोकरीत मी निवृत्तीपर्यंत राहिलो. तिच्यावर घर चाललं, बहिणीचं लग्न झालं, वडिलांचं म्हातारपण सुखात गेलं. साहेबांनी शब्द दिला होता आणि मी तिसरा आलो होतो, म्हणून ती मिळाली, हे मला मान्यच आहे. फक्त त्या दिवशी गेटच्या आतून कोण चालत आलं, हे मला आजही सांगता येत नाही... आणि गोदीत मला कुणी लावलं असं कुणी विचारलं, तर साहेबांचं नाव घेताना मी अजून क्षणभर थांबतो.