हळदीच्या ड्रमातून आलेला कडुनिंबाचा वास

अमानवीय गोष्टी मी चवीने वाचते, पण त्यांतल्या एकीवरही माझा विश्वास बसलेला नाही. लातूरच्या एका महाविद्यालयात मी कविता शिकवते. उपमा कुठे संपते आणि थाप कुठे सुरू होते, एवढे मला कळते. म्हणूनच पुढची हकिगत लिहायला दोन वर्षे घेतली.

आधी एक खुलासा. त्या प्रसंगाच्या चार वर्षे आधी एक ताप आला आणि जाताना माझी वासाची संवेदना घेऊन गेला. मोगरा, करपलेले दूध, नव्या पुस्तकाचे पान... सारे सारखेच, म्हणजे काहीच नाही. कवितेत गंधाची ओळ आली की मी ती वर्गाला नकाशावरचे गाव दाखवावे तशी दाखवीत असे – स्वतः तिथे न जाता.

त्या मार्चमध्ये माझी सहकारी वंदना मला माहेरी घेऊन गेली. नांदेडहून अर्धापूर, तिथून कॅनॉलच्या कडेने तीन किलोमीटरवर त्यांचे शेत. अर्धापुरात उतरून चहा घेतला, तर दुकानातल्या म्हाताऱ्याने पाहुण्या कोणाच्या, गाव कोणते, लेकरे किती, ही सारी चौकशी चहा गाळून होईपर्यंत उरकली. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. वाऱ्याने चिरलेली पाने हलत, तशा रस्त्यावर सावल्यांच्या चिंध्या पडत होत्या.

शेतात हळद उकडणे चालू होते. मधल्या टाकीखाली लाकडे धडधडत होती; बाजूच्या लोखंडी ड्रमांत हळद भरायची, कॉक फिरवून वाफ सोडायची, असा तो कुकर. चालवणारे रशीदभाई. उकडलेली हळकुंडे खळ्यावर वाळत होती, ती तळपायाला कोमट लागत. वंदनाच्या आईने, गयामावशींनी, पिवळ्या हातांनीच जयभीम केला आणि मला आंब्याच्या सावलीत बसवले.

दुपारचे बारा वाजले असतील. रशीदभाईंनी नवा ड्रम भरून झाकण आवळले. मी पाहायला म्हणून जवळ गेले, आणि... मला वास आला.

कडू, हिरवा, तळहातावर नुकत्याच चुरगळल्यासारखा. मी क्षणभर डोळे मिटून उभी राहिले. हसू येत होते आणि रडूही.

"वंदना, मला वास येतोय. कडुनिंबाच्या पाल्याचा. ह्या ड्रमातून."

तिने आनंदाने माझा दंड धरला, स्वतः वाकून हुंगले आणि धूर नि हळद सोडून दुसरे काही नाही म्हणाली.

रशीदभाई हसले. "मॅडम, हळद उकडून राहिलो मी. नीमचा काढा कोणाला पाजायचा हाय?" आणि त्यांनी कॉकला हात घातला.

"थांब रशीद." मावशी भाकरीची टोपली घेऊन येत होत्या. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. "हात काढ आधी."

त्या तरातरा आंब्यामागे गेल्या, तशाच परतल्या. झाकण उघडायला लावले, एक गड्डा काढून नखाने खरवडला. आत गर्द शेंदरी.

"माझं बेणं हाय हे."

झाले होते ते असे. आंब्यामागे गड्ड्यांचे दोन ढीग होते – एक उकडून विकायचा, दुसरा बेण्याचा, म्हणजे जूनमध्ये पुन्हा लावायचा. बेण्यावर मावशी कडुनिंबाचा पाला टाकत. पाला दिसला की त्या ढिगाला कोणी हात लावायचा नाही, हा शेतावरचा दंडक. त्या सकाळी शेळ्यांनी पाला साफ केला होता. माणसांनी उघडा ढीग पाहिला आणि घमेल्यांनी ड्रमात ओतला. मावशींनी तीस वर्षे जपलेले हे गर्द शेंदरी जुने वाण आजूबाजूला कोणाकडेच उरले नव्हते. एकदा वाफ बसली असती, तर ते पुन्हा उगवले नसते.

रशीदभाई डोक्याला हात लावून खाली बसले. मग उठून त्यांनी ड्रम तळापर्यंत स्वतः रिकामा केला. त्यात कडुनिंबाची एक काडीसुद्धा निघाली नाही. मी गड्डे नाकाशी धरले... काहीच नाही. वास आला तसा गेला होता.

शेजारच्या शेतातली बाई म्हणाली, मॅडमच्या अंगात काहीतरी आले, नारळ फोडा. मावशींनी तिला भाकरी वाढली. "आमी नारळ फोडत न्हाई, माय. आन तिच्या अंगात न्हाई, नाकात आलं. उपाशी हाय ती, जेवू दे."

त्या जेवणात आम्ही इतके हसलो, की रशीदभाईंना ठसका लागला.

नंतर मी डॉक्टरांना विचारले. गेलेली संवेदना क्षणभर परतू शकते, कधी भलताच वासही भासतो, असे ते म्हणाले. मान्य. पण भलताच वास नेमका तोच का? त्या बांधावर कडुनिंब नव्हता. पाला मावशींनी रस्त्यावरून तोडून आणला होता, आणि मला त्याची काहीच कल्पना नव्हती. धडधाकट नाकांच्या पाच-सहा माणसांना जे आले नाही, ते माझ्या मेलेल्या नाकाला कसे आले? तेव्हापासून पुन्हा एकही वास आलेला नाही.

त्या दिवशी निघताना मावशींनी माझ्या पिशवीत बेण्याचे चार गड्डे टाकले. वंदना पाहतच राहिली. हे बेणे त्यांनी आजवर कोणाला दिले नव्हते. रशीदभाईंनाही चार दिले, शेजारणीलाही.

मी म्हटले, "मावशी, माझ्याकडे शेत नाही."

"कुंडी तर आसंल?" त्या म्हणाल्या. "एकाच ढिगात ठिऊन चुकले होते मी."