गाडीनं मागितल्याशिवाय

ज्या घरात जुनी गाडी असते तिथे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पुण्याचे नातेवाईक फोन करतात तेव्हा आधी विचारतात, "गाडी कशी आहे?" मग आमच्या तब्येती. प्रत्येक वेळी काहीतरी नवीन घडलेलं असतंच. मी सांगते, ते पोट धरून हसतात. मला हसू येत नाही, कारण मला त्याच गाडीत बसावं लागतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची, अप्पांची. पांढरी, डिझेलवर चालणारी, अडीच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. नक्की किती पुढे ते देवालाच ठाऊक, कारण मधे बराच काळ तिचं मीटर बंद होतं. अप्पांनी ते दुरुस्तच करून घेतलं नाही. म्हणाले, "मोजून काय करायचंय? जायचं तिथे जाते ना?"

जायचं तिथे म्हणजे देवासला. आम्ही धारचे. देवासला अप्पांच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्याबाई, एकट्या राहतात. त्या एकादशी करतात आणि द्वादशीला भाऊ समोर पाटावर बसल्याशिवाय उपास सोडत नाहीत. फार जुना नेम आहे, माझं लग्न व्हायच्याही आधीपासूनचा. त्यामुळे दर पंधरवड्याला अप्पा सकाळीच गाडी काढतात. ती रस्त्यात बंद पडली तर तिकडे पंच्याऐंशीच्या पुढची म्हातारी उपाशी बसून राहणार. म्हणून माझं सारखं एकच टुमणं असतं: बंद पडायच्या आधी जे बदलायचं ते बदलून टाकू या.

अप्पांचं तत्त्व वेगळं. "मेधा, गाडीनं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. लाडावते."

* * *

मी पूर्वी शाळेत फिजिक्स शिकवायचे, आता संध्याकाळी घरीच क्लास घेते. त्यामुळे समजावून सांगायची खोड आहे. एकदा अप्पांना टायमिंग बेल्ट समजावला. म्हटलं, इंजिनात एक रबरी पट्टा असतो. बाकीच्या वस्तू बिघडायच्या आधी कुरकुरतात, हा अवाक्षर काढत नाही. एक दिवस सरळ तुटतो आणि त्याच्याबरोबर इंजिनही जातं. आपला पट्टा तर बदलल्याचं कुणाला आठवतच नाही.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाले, "बोलत नाही ना? म्हणजे समाधानी आहे."

* * *

तरी मी तो पट्टा बदलायला लावलाच. महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे अप्पा हो म्हणाले. आमचा मेकॅनिक मुकेश. लग्नसराई होती, गावातली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या वरातीला निघालेली, त्यामुळे त्यानं शनिवार दिला.

अप्पा म्हणाले, "शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत."

म्हटलं, "पट्टा रबराचा आहे, अप्पा."

ते स्वतः दुकानात गेले, डबा उघडून बघितला. आत पट्ट्याबरोबर तो ताणून धरणारी पुलीही होती. पुली लोखंडाची. "हे काय आहे?" मी म्हटलं, मग शुक्रवारीच आणून ठेवू. शुक्रवारी अमावास्या.

शेवटी तोडगा अप्पांनीच काढला. शनिवारी इंजिन उघडून फक्त पट्टा बदलला. सोमवारी पुली विकत घेतली, तेच इंजिन पुन्हा उघडलं आणि तोच पट्टा काढून, पुली लावून, परत चढवला. मुकेश हात पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, "भाभीजी, इत्ते साल हो गए काम करते, पर एक ही पेट दो बार अपन ने पेली बार खोला."

अप्पा मात्र खुश होते. दोन्ही कामं चांगल्या वारी झाली होती.

* * *

मुकेश तरी माझ्या बाजूनं असेल असं मला वाटायचं. गैरसमज! एकदा रेडिएटरच्या नळ्या मी बोटानं दाबून बघितल्या, तर शिळ्या भाकरीसारख्या कडक लागल्या. मुकेशला म्हटलं, बदलून टाक.

"अरे नी भाभीजी, अबी तो चलेगी."

"कब तक चलेगी?"

"जब तक चलेगी."

पुढच्या द्वादशीला घाटाबिल्लोदच्या जरा पुढे बॉनेटमधून वाफ आली. नळी फाटलेली. आम्ही रस्त्याच्या कडेला उन्हात बसलो, आणि तिकडे आत्याबाई फक्त पाण्यावर. मुकेश मोटारसायकलवरून नळी घेऊन आला. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "देखो, मेंने केया था ना? जब तक चलेगी!"

अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बोला था इसने," मला म्हणाले. आत्याबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी चार वाजता पारणं केलं आणि भावाला एका शब्दानंही विचारलं नाही की उशीर का झाला.

* * *

माझ्या नवऱ्याला, शिरीषला, माझं म्हणणं पटतं. अगदी पूर्ण पटतं, हीच तर अडचण आहे. एकदा म्हणाला, "तू बरोबर आहेस, आधीच खबरदारी घ्यायला हवी," आणि गाडी घेऊन गेला. मला वाटलं क्लच दाखवेल. आला तो नवीन सीटकव्हरं आणि ट्रकला शोभेल असा हॉर्न बसवून.

"हॉर्न कशाला?"

"अगं, हॉर्न दणदणीत असला की समोरचे आपोआप बाजूला होतात. ब्रेक कमी लागतो."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पण त्यानं हॉर्न का बसवला ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही. गाडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अप्पा चालवत होते, त्याचं काय?

* * *

मग शिरीषनं आणखी एक खबरदारी घेतली. मागे सेन्सर बसवला. गाडी मागे घेताना काही आडवं आलं की तो टीं टीं करतो. अप्पांना सांगायचं राहून गेलं, किंवा सांगायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी अप्पा मुकेशकडे. "मागे घेताना गाडी किंचाळते आहे. बघ काय झालंय." मुकेशनं वाकून बघितलं, एक वायर काढली. "लो अप्पा, आवाज बंद. सई हे?"

एकदम सई. त्याच संध्याकाळी अप्पांनी गाडी मागे घेताना आमच्या फाटकाचा खांब गाठला. मागचा दिवा फुटला. दुसऱ्या दिवशी नवीन दिवा लावून आले आणि मला दाखवला. "बघ, आधी मोडला, मग बदलला. हा क्रम असतो."

खांब मोडला नव्हता, पण हलतो. फाटक लावताना दरवेळी माझा जीव हलतो. त्या फाटकापाशी शेजारची लहान मुलं खेळतात. गाडीतल्या स्टीअरिंगमागच्या एका वस्तूची मला खरी भीती वाटत होती आणि नेमकी तीच बदलू या असं म्हणायची घरात कुणाची हिंमत नव्हती. मी शिरीषला सांगितलं, तू बोल. तो म्हणाला, "तू फिजिक्समधून समजाव ना."

* * *

बदललेली जुनी वस्तू अप्पा टाकत नाहीत. सगळं डिकीत. जुना पट्टा, जुनी पुली, फाटकी नळी. डिकी भरली की ओझं देवासला उतरतं. माझा अंदाज आहे की आमच्या गाडीचा निम्मा ऐवज आता देवासला स्थायिक झालाय. मध्यंतरी ब्रेक कर्कश वाजायला लागले, म्हणजे गाडीनं रीतसर मागितलं, तेव्हा अप्पांनी चारी चाकांचे ब्रेक एका दमात नवे करून घेतले. पुढच्या चाकांच्या जुन्या लोखंडी चकत्या लगेच देवासला गेल्या. एकीवर आत्याबाईंची तुळशीची कुंडी आहे, दुसरीनं मागचं दार अडवतात.

त्या दारापाशीच मी त्यांना एकदा विचारलं. अप्पा आत वामकुक्षी घेत होते. म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीच सांगा त्यांना. गाडी मी चालवीन, त्यांनी शेजारी बसावं. तुमचं ऐकतील."

आत्याबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तो धारहून निघाला असं तू फोनवर कळवतेस ना, तेव्हापासून मी देवापुढे बसते. फाटक वाजलं की उठते. मला काय कळत नाही?"

"मग सांगा ना."

"सांगितलं तर ऐकेल. लगेच ऐकेल. आणि मग यायचाच बंद होईल. तुला 'मला घेऊन चल' म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. लहानपणापासून तसाच आहे. कुणाकडे काही मागत नाही." त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "निवड."

मी निवडली.

* * *

या उन्हाळ्यात एका द्वादशीला मी अप्पांबरोबर होते, नेहमीसारखी डावीकडच्या सीटवर. देवास जवळ आलं होतं. पुढे लसणाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली संथ चालली होती. मला ती केव्हाची दिसत होती. वाटलं अप्पांनाही दिसतेय. मग लक्षात आलं की नाही दिसत.

मी ओरडले. गाडी थांबली तेव्हा लसणाचा वास थेट आत येत होता. ट्रॉलीवर बसलेला माणूस खाली वाकून आमच्या बॉनेटकडे बघत होता.

अप्पांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवले होते. म्हणाले, "ब्रेक लागत नाहीयेत. मुकेशला दाखवायला हवेत."

आत्याबाईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी वाढलं, अप्पा जेवले, आणि परतताना इतकी हळू गाडी चालवली की सायकलवाले मागे वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुकेशकडे. त्यानं गाडी नेली, किल्ल्यापर्यंत चक्कर मारली, चाकं काढून बघितली. "अप्पा, ब्रेक तो एकदम टाइट हे. अबी तो नए डाले थे अपन ने. गाडी में कोई खराबी नी हे."

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. "कुछ नी हे अप्पा. पक्का."

आयुष्यभर हेच ऐकायला हा माणूस मुकेशकडे जात आला. 'काही बिघडलेलं नाही' ऐकून त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच बघितला. मला इतका राग होता त्या गाडीचा, पण त्या क्षणी वाटलं, मेली, आज तरी बिघडायचं होतंस.

एकादशीपर्यंत अप्पांनी गाडीला हात लावला नाही. मी मनात धरूनच चालले होते की आता देवास संपलं. आत्याबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होते.

* * *

द्वादशीला सकाळी अप्पा नेहमीच्या वेळी बाहेर आले. धुतलेलं धोतर, हातात रुमाल, आत्याबाईंसाठी केळ्यांची पिशवी. उजवीकडचं दार उघडलं. त्या सीटवर त्यांची एक उशी असते, उंच बसायला. ती उचलली, झटकली. बॉनेटला वळसा घालून डावीकडे आले, उशी तिथे ठेवली आणि बसले. पिशवी मांडीवर घेतली.

फाटकाशी शिरीष उभा होता. त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

किल्ली उजव्या सीटवर होती. मी बसले, गाडी सुरू केली, आणि त्या हलत्या खांबाला न लागता कशीबशी बाहेर काढली. अप्पा पुढे बघत होते. म्हणाले, "हवा भरून घे. ताई वाट बघत असेल."

मुकेशच्या दुकानापुढे मी गाडी थांबवली. तो हवेचा पाइप घेऊन सवयीनं उजवीकडे आला, मला बघून थबकला, मग पलीकडे जाऊन डाव्या खिडकीत वाकला.

"क्या हुआ अप्पा? कुछ बिगड गया क्या?"

अप्पांनी रुमालानं तोंड पुसलं.

"नी," म्हणाले. "अबी तक तो नी."