हिरामणभाऊजी आणि वटारचे कावळे

हिरामणभाऊजींना कोणी माणूस वचकून असल्याचं मी कधी पाहिलं नाही. घरचं मांजरसुद्धा त्यांच्या ताटात तोंड घालायचं. वचकून असायचे ते कावळे.

वटारला त्यांची केळीची वाडी. माझी थोरली बहीण मालनताई तिथे दिलेली. दोन वर्षांपूर्वी सातिवलीच्या एका गोदाम कंपनीने पश्चिमेच्या गावांत ड्रोनने माल पोचवायचं काढलं. औषधं, मोबाइलची खोकी, पंपाचे सुटे भाग. टेम्पो पुलावरच्या गर्दीत तासभर अडकायचा, ड्रोन काही मिनिटांत येऊन उतरायचं. त्यासाठी भाऊजींच्या वाडीतला पडीक तुकडा त्यांनी घेतला आणि राखणीला भाऊजींनाच नेमलं. गळ्यात ओळखपत्र आलं, स्वारी खूश झाली.

अडचण एकच होती. कावळे ड्रोनवर तुटून पडायचे. कंपनीचा सिद्धेश म्हणाला, "काका, काहीही करा, पण कावळे नकोत." भाऊजींनी माळ्यावरची गोफण काढली. रोज साडेदहाला आणि साडेचारला घरघर ऐकू आली की उठायचं, हात डोक्यावर गरगर फिरवायचा आणि ओरडायचं, "हुऽर्र हा!" नेम त्यांचा लहानपणापासून पक्का. पाचसहा कावळे मेलेच. घरटी काठीने पाडली, पिलांसकट.

ताई रोज जेवायच्या आधी कठड्यावर कावळ्यांना भात ठेवणारी. ती म्हणायची, "अहो, मुके जीव ते. शेवटी त्यांच्याशीच गाठ आहे." भाऊजी नुसते हसायचे. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा, अजून येतो.

वर्षभरात वाडीत कावळा दिसेनासा झाला.

एकदा भाऊजी आमच्याकडे गोखिवऱ्याला जेवायला आले. आमच्या खिडकीत रोज दोन कावळे पोळी खायला येतात. भाऊजी दारातून आत आले आणि कावळ्यांनी चोचीतला तुकडा टाकला. ओरडले नाहीत. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि भाऊजी जिना उतरून जाईपर्यंत माना वाकड्या करून त्यांच्याकडेच बघत राहिले. वटार कुठे, गोखिवरे कुठे. या कावळ्यांना कोणी सांगितलं?

मग ताई गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. काय हवं, काय नको, कोणाला काही सांगायला वेळच मिळाला नाही.

दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो. तिच्या मुलाने, स्वरूपने, पिंड मांडला. शेजारी आणखी एक कुटुंब होतं; त्यांनी पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा शिवून गेला. आमच्या पानाकडे कोणी येईना. पलीकडच्या काठावरचा आंबा कावळ्यांनी काळा झाला होता आणि एकही ओरडत नव्हता. ताईचा जीव अडकलाय, हे सगळ्यांना कळत होतं. सगळे भाऊजींकडे बघत होते.

आम्ही शब्द देऊ लागलो. स्वरूप म्हणाला, "आई, वाडी विकणार नाही." मी म्हणाले, "ताई, भाऊजींच्या खाण्यापिण्याचं मी बघेन." मनात नसतानाही म्हणाले. तास गेला. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू या."

"नको," भाऊजींचा आवाज चिरकला. "गवताचा नको. मालन, मी गोफन टाकली. परत हात नाय लावनार."

तेव्हा आंब्यावरून एक कावळा सुटला. पाण्यावरून सरळ आला आणि पानापासून दोन हातांवर उतरला. एक उडी मारली. आणखी एक. आणि वरून घरघर ऐकू आली. साडेदहाचं ड्रोन तळ्यावरून वटारकडे चाललं होतं.

भाऊजी ताडकन उठले. रिकामा हात डोक्यावर गरगरला. "हुऽर्र हा!"

कावळा परत आंब्यावर जाऊन बसला.

भाऊजी आपल्याच हाताकडे बघत राहिले. दोन वर्षं साठवलेलं सगळं मी त्यांना ऐकवणार होते, पण त्यांचा चेहरा बघून मला रडूच आलं. "मी हाय तोवर ते येनार नाय," ते म्हणाले. चपला न घालताच चालत सुटले आणि वळणापलीकडे उभ्या असलेल्या आमच्या रिक्षात जाऊन बसले.

ते दिसेनासे झाले आणि अख्खा आंबा एकदम उठला. एकच कावळा खाली आला. पिंडाला चोच लावून गेला. बाकीचे आवाज न करता आमच्या डोक्यावरून वळणाच्या दिशेने निघून गेले.

मी धावतच रिक्षाजवळ गेले. "भाऊजी, शिवला."

"कवा?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "तुम्ही वळणाआड गेलात, तेव्हाच."

रिक्षाच्या टपावर नख्या वाजल्या. एक, मग पुष्कळ. भाऊजींनी वर पाहिलं नाही.

"म्हंजे इतका वेळ तिला मीच धरून बसलेलो," ते म्हणाले.