अचलपूरचं कापड मोजणारं यंत्र

अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमधली फिटरची नोकरी सोडून आपोआप चालणारी यंत्रं स्वतःच बनवून द्यायची, असं मी ठरवलं. साठच्या दशकाची सुरुवात होती. घरच्यांना वाटलं, पोरगं बिघडलं. पहिलं काम अचलपूरहून आलं. तिथले कापडवाले नासिरभाई यांचे हात थरथरायला लागले होते आणि गिऱ्हाईक मापावर संशय घेत होतं. त्यांच्या मुलीने, जुबेदाने, मला बोलावून घेतलं. हे फसलं असतं तर मुकाट्याने जिनिंगमध्ये परतावं लागलं असतं.

मूर्तिजापूरहून छोट्या लाइनीच्या गाडीने निघालो. ती आता बंद आहे. तुम्ही अमरावतीहून अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याची एस.टी. धरा. मांडीवर पोतं घेऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोत्यात काय हाये?"

"मशीन. कापड मोजते."

"मंग दुकानदार काय करते?"

मी पोत्याचं तोंड पुन्हा आवळून बांधलं.

अचलपूरला पोचल्यावर जुबेदाने बेसन-भाकर आणि लसणाचा ठेचा वाढला. तसं जेवण मिळालं तर मुक्काम वाढवा. दुसऱ्या दिवशी दुकानात मोटार चालू केली. रूळ कापड ओढायचा, दातेरी चाक मोजायचं आणि ठरलेल्या मापाला मोटार आपोआप बंद पडायची. सगळं अचूक. नासिरभाई मात्र हातातला गज सोडेनात.

लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "भाई, तुमीच मोजा ना."

नासिरभाईंनी बटण बंद केलं. मी गोंधळलो. "माप चुकलं का?"

"नाई बेटा, बराबर हाये. पर मी मोजून झाल्यावर चार बोटं वर सोडतो. तुझी मशीन सोडते काय?"

एवढंच ना! चाकाचा खुंटा सरकवला, चार बोटं कापड जास्त येऊ लागलं. पुढच्या गिऱ्हाइकाने घरून आणलेल्या गजाने मोजून पाहिलं आणि ते ओरडलं, "काहून, मशीन बिघडली काय?"

बरोबर दिलं तर कंजूस, जास्त दिलं तर बिघाड!

जुबेदा म्हणाली, "अब्बा देतेत ते लोकायले दिसते. हे कुनाले दिसते?"

मग मी खुंटा मूळ जागी आणला आणि बाजूला एक रुंद पट्टी बसवली. यंत्र बरोबर मापाला थांबे. नासिरभाई पट्टीवर अख्खा तळवा दाबत, तेव्हा रूळ चार बोटं कापड आणखी पुढे सोडे. हात थरथरला तरी चाले. पट्टी दाबताना ते गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. गर्दी परत आली.

येताना अमरावतीमार्गे बसने आलो. रस्त्याने हाडं खिळखिळी झाली. घरी आल्याबरोबर जिनिंगमधल्या मित्राने विचारलं, "आपोआप चालते ना?"

"मापापर्यंत आपोआप, पुढे हाताने," मी म्हणालो. अचलपूरला मी पुरं यंत्र देऊन आलो की अर्धवट, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कामं मात्र त्यानंतर येतच राहिली.