वरचे वकील

आमचे साहेब पक्षकाराला बोलू देत नसत. माणूस वकिलाच्या दारात येतो तोच पोटातलं सगळं ओतायला, आणि साहेब त्याला पहिल्या वाक्यालाच हात वर करून थांबवायचे. "नवं काय सांगू नका, पावणं. जे खालच्या कोर्टात बोलला न्हाईसा, ते आता मला सांगून काय उपयोग? कागदात हाय तेवढंच खरं." माणूस हिरमुसायचा. साहेब चष्मा कपाळावर चढवून खालचं निकालपत्र हातात घ्यायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे.

उभ्या हयातीत त्यांनी अपिलांशिवाय दुसरं काही चालवलं नाही. जमिनीचं असो, मारामारीचं असो, नाहीतर नवराबायकोचं. खाली हरलेला माणूसच आमच्याकडं यायचा. त्यात ऑफिस राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. म्हणून कोर्टात त्यांचं नावच पडलं होतं 'वरचे वकील'. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडं ज्युनिअर म्हणून लागले. तेव्हा मैत्रिणी मला विचारायच्या, "काय गं, वर काय म्हणतात?"

वर काय म्हणणार! 'थकलो बघ', हा साहेबांचा सकाळचा पहिला शब्द. डबा उघडताना तोच आणि संध्याकाळी कुलूप लावतानाही तोच. "खाली माणसं भांडत्यात गं," ते म्हणायचे, "हितं नुसतं त्यांचं टायपिंग भांडतंय." निकाल बाजूनं लागला तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. एकदा उचगावचा एक माणूस मारामारीच्या खटल्यातून अपिलात सुटला. धावत येऊन पाया पडायला लागला, तर साहेबांनी पाय मागं घेतले. "थांबा की जरा. सरकार अजून मुंबईला हायकोर्टात जाईल, तवा परत पडायचंच हाय." तो बिचारा वाकलेला तसाच राहिला. मला हसू आवरेना.

असा हा माणूस एकदाच फसला. गडहिंग्लजकडची सुगंधा नावाची बाई आली होती. तिथल्या कोर्टानं तिच्या नवऱ्याला घटस्फोट दिला होता. कारण काय, तर बायको आपणहून घर सोडून गेली आणि परत नांदायला आली नाही. साहेबांनी नेहमीसारखा हात वर केला. बाईनं त्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी गेलतो की सायेब. दोनदा गेलतो. दार उघडलं न्हाई त्यांनी. पायरीवर बसून ऱ्हायलो दिवस मावळंपतोर."

"मग साक्षीत 'गेले नाही' असं का सांगितलंत?"

"तवा कोर्टात मागं भाऊ हुबा हुता. जाऊ नको म्हणून त्यानं शपथ घातलीती. त्याला चोरून गेलतो."

तिच्या त्या 'न्हाय'नं खटला बुडाला होता आणि ते तिच्याच तोंडचं होतं. साहेबांनी निकालपत्र मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "नवऱ्याकडं परत जायचंय?"

"त्येचं तोंड बघायचं न्हाय मला. पर पोरगी शिकतीया सायेब. उद्या त्यो निकाल वाचंल. आई सोडून गेली, असं लिवलंय त्यात."

साहेबांनी ते अपील घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'नवं सांगू नका' म्हणणाऱ्या माणसानं नवा पुरावा घ्यावा म्हणून अर्ज केला. पायरीवर बसलेल्या सुगंधाला पाणी देणारी शेजारीण शोधून काढली. तारखा पडत गेल्या. दर तारखेला सुगंधा पहाटेची एसटी धरून यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची. शेवटी अर्ज नामंजूर झाला. हे सांगायचं होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही, असा कोर्टाचा सवाल होता. कायद्यानं तो बरोबरच होता. साहेब स्वतः दुसऱ्या बाजूनं असते तर त्यांनी तोच विचारला असता.

निकालाच्या दिवशी जज्जांनी शेवटच्या दोन ओळी हळू आवाजात इंग्रजीत वाचल्या. अपील फेटाळलं, खालचा निकाल कायम. आम्ही आत कागद आवरत होतो. सुगंधानं दाराशी पट्टेवाल्याला विचारलं, काय झालं म्हणून. तो घाईत म्हणाला, "कायम झालं, बाई."

आम्ही बाहेर आलो तर ही पेढ्यांचा पुडा घेऊन उभी. पट्टेवाल्याला दिला, चहावाल्याला दिला, माझ्या हातावर एक ठेवला. "कायम झालं की, सायेब! माझं लगीन कायम झालं!"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. साहेबांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. कोर्टात पक्षकाराशेजारी बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "सुगंधाबाई, कायम झाला तो त्यांचा निकाल. आपण हरलो."

पुडा तिच्या मांडीवर तसाच उघडा राहिला. साहेब म्हणाले मुंबईला जाऊ, हायकोर्टात. तिनं मान हलवली. "किती वर जायचं? दमलो मी." मग म्हणाली, "तुमाला तरी पटलंय न्हवं, मी गेलतो म्हणून?"

"पटलंय."

"मग तेवढं लिवून द्या की."

"अहो, माझ्या लिहिण्याला कोर्टात काडीची किंमत नाही."

"कोर्टाला कोण दावतंय? पोरीला दावतो."

साहेबांनी माझ्याकडून लेटरहेड मागून घेतलं आणि गुडघ्यावर फाईल धरून लिहायला लागले, मराठीत. नावापाशी पेन थांबलं. सौभाग्यवती लिहावं तर आताच ते गेलेलं, श्रीमती लिहावं तर हात धजेना. तिनं ते ओळखलं.

"नुसतं नाव लिवा, सायेब. बापानं ठेवल्यालं."

त्यांनी 'सुगंधा' लिहिलं. 'ही बाई नांदायला दोनदा गेली होती. दार उघडलं गेलं नाही. मी हे खरं मानतो.' खाली सही केली आणि वर मला शिक्काही मारायला लावला. तिनं घडी घालून कागद पिशवीत ठेवला आणि पेढ्यांचा पुडा आमच्यापाशी ठेवून स्टँडकडं निघून गेली.

त्यानंतर साहेबांनी नवराबायकोचं अपील स्वतः कधी चालवलं नाही. तशी फाईल आली की न उघडताच माझ्या टेबलावर सरकवायचे. मला फार राग यायचा. आता साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. निकाल लागला की माणसाला बाकावर बसवून 'कायम' म्हणजे काय ते मीच सांगते. सांगायच्या आधी दर वेळी वाटतं, साहेब हवे होते. आज ही फाईल मी त्यांच्याकडं सरकवली असती.